आफ्रिकन सिक्लिडच्या टाकीत सोबती कोण असावेत

शोभेच्या माशांच्या दुकानांत ‘आफ्रिकन मिक्स’ या नावाने विकली जाणारी, सिक्लिड कुळातील आफ्रिकन माशांची पिल्ले दिसायला मोठी मोहक असतात. दीड-दोन इंचांची, निळी, पिवळी, केशरी, पट्ट्यापट्ट्यांची ही पिल्ले एकाच टाकीत गुण्यागोविंदाने फिरताना पाहिली की ती मोठेपणीही अशीच राहतील, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्या एका घोळक्यात चार-पाच अगदी निराळ्या स्वभावांच्या जाती असतात आणि त्यांतले नर वयात आले की प्रत्येकाला टाकीत स्वतःची हद्द हवी असते. मग काही महिन्यांतच एक नर सगळ्या टाकीचा धनी होतो आणि उरलेले मासे शेपट्या फाटलेल्या अवस्थेत हीटरच्या आडोशाला किंवा पृष्ठभागालगतच्या कोपऱ्यात तोंड वर करून थांबून राहतात. याचा दोष आपण माशांच्या भांडखोरपणाला देतो, पण बहुतेक वेळा खरी चूक खरेदीच्या दिवशीच झालेली असते. ‘हा मासा शांत आहे का?’ एवढाच प्रश्न विचारून आफ्रिकन सिक्लिडचे सोबती निवडता येत नाहीत. तो मासा कोणत्या पाण्यातला आहे, काय खातो, कोणासारखा दिसतो आणि टाकीचा कोणता भाग आपला मानतो, या प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावी लागतात.

पहिला प्रश्न पाण्याचा. ‘आफ्रिकन सिक्लिड’ या एका नावाखाली बाजारात जे मासे मिळतात, त्यांतले बहुसंख्य पूर्व आफ्रिकेतील मलावी सरोवरातील असतात, काही टांगानिका सरोवरातील आणि थोडे व्हिक्टोरिया सरोवरातील. याखेरीज पश्चिम आफ्रिकेच्या नद्यांमधला क्रिबेन्सिस आणि लालभडक ज्युएल सिक्लिड हेही आफ्रिकनच, पण क्रिबेन्सिसला मऊ, म्हणजे क्षार कमी असलेले, पाणी चालते आणि मलावीच्या दांडग्या माशांपुढे त्याचा निभाव लागत नाही. ज्युएलचे उलट असते. त्याची जोडी अंड्यांवर आली की लहान टाकीत दुसऱ्या कोणत्याही माशाला जगणे मुश्कील होते. म्हणून नदीतले आफ्रिकन मासे सरोवरांतल्या माशांत मिसळू नयेत, हे सुरुवातीलाच पक्के करावे.

मलावी सरोवराचे पाणी अल्कधर्मी असते. त्याचा पीएच, म्हणजे सामू, साधारण ७.८ ते ८.६ आणि तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस असते. टांगानिका सुमारे १,४७० मीटर खोल आहे आणि त्याचा सामू ९ च्या आसपास जातो. मुंबईसारख्या शहरात सह्याद्रीतल्या पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या तलावांमधून नळाला येणारे पाणी मऊ असते, त्यामुळे तेथे फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा किंवा शिंपल्यांचा चुरा ठेवून सामू टिकवावा लागतो. राज्याच्या पठारी भागातील बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते आणि या माशांना ते मानवते, मात्र ते वापरण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावे. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. सामू जास्त असलेल्या पाण्यात माशांच्या उत्सर्जनातून साचणारा अमोनिया अधिक विषारी ठरतो. सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. त्यामुळे कमी सामूच्या, मऊ पाण्याच्या टाकीत खपून जाणारी फिल्टरची हयगय येथे एका रात्रीत मासे घेऊन जाते. सोबत्यांचा विचार फिल्टर पक्का झाल्यावर, अमोनिया आणि त्यापासून बनणारे, तेवढेच घातक नायट्राइट शून्यावर आल्यावरच करावा.

म्बुना: सर्वाधिक मिळणारे आणि सर्वाधिक चुकणारे

मलावीच्या खडकाळ किनाऱ्यालगत राहणाऱ्या माशांच्या गटाला म्बुना म्हणतात. दुकानांतल्या ‘मिक्स’मध्ये मुख्यतः हेच असतात. खडकांवर शेवाळाचा आणि त्यात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचा जो थर चढतो, तो खरवडून खाणे हा यांतल्या बहुतेकांचा दिवसभराचा उद्योग असतो. सरोवरात खडक पुष्कळ आणि पळायला जागा अमाप, त्यामुळे हद्दीवरून झालेले भांडण हरणारा मासा निघून गेला की मिटते. टाकीत निघून जायला जागाच नसते. हरलेला मासा दिवसभर जिंकणाऱ्याच्या नजरेसमोर राहतो, त्याला खाता येत नाही, अंगावरचा रंग उतरतो आणि अखेरीस तो मार खाऊन किंवा उपासमारीने मरतो.

या भांडणाची दिशा मात्र ठरलेली असते, आणि निवड करताना तिचाच आपल्याला उपयोग होतो. म्बुना नर सर्वांत जास्त राग स्वतःच्या जातीच्या दुसऱ्या नरावर काढतो आणि त्याखालोखाल स्वतःसारख्या दिसणाऱ्या परक्या माशावर. निळ्या अंगावर काळे उभे पट्टे असलेल्या डेमासोनीच्या टाकीत तसेच निळे आणि उभ्या पट्ट्यांचे सिनोटिलापिया सोडले, तर दोघांत कायम झटापट राहते. पिवळ्याधमक येलो लॅबसोबत केनयी ठेवले, तर लहानपणी निळी दिसणारी केनयीची पिल्ले मोठी होताना त्यांतले नर पिवळे पडतात आणि शांत स्वभावाच्या लॅबवर तुटून पडतात. म्हणून सोबती निवडताना सर्वांचे रंग, पट्ट्यांची दिशा आणि शरीराची ठेवण शक्य तितकी वेगळी असावी. हा निकष वापरताना पिल्लाचा रंग पाहून फसू नये. मोठ्या नराचा आणि मोठ्या मादीचा रंग कोणता असतो, हे त्या जातीचे नाव घेऊन आधी शोधावे. ज्या माशाची जात दुकानदाराला सांगता येत नाही, तो मासा कितीही सुंदर असला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी, सुमारे २५० लिटरची टाकी असेल, तर नव्याने सुरुवात करणाऱ्याने येलो लॅब, यलो टेल अकेई आणि रस्टी या तीन जाती घ्याव्यात, असे मी सुचवेन. येलो लॅब पिवळा आहे आणि म्बुनांमध्ये तुलनेने सौम्य समजला जातो. अकेईचे अंग जांभळट निळे आणि शेपटी पिवळी असते. सरोवरात तो बुडालेल्या झाडांच्या ओंडक्यांवरचे शेवाळ खात हिंडतो आणि टाकीतही खडकांना चिकटून न राहता मधल्या व वरच्या पाण्यात पोहतो. रस्टीचा रंग गंजासारखा तपकिरी-जांभळा. तिघांचे रंग वेगळे, तिघांच्या सवयी थोड्या वेगळ्या, आणि तिघेही एकमेकांना सांभाळून घेणारे. प्रत्येक जातीत एक किंवा दोन नर आणि प्रत्येक नरामागे तीन ते चार माद्या असे प्रमाण ठेवावे. माद्या कमी असल्या तर नर एकाच मादीच्या मागे लागतो आणि तिला विश्रांती मिळत नाही. येलो लॅब आणि रस्टी यांच्यात नर-मादी दिसायला जवळपास सारखेच असल्याने प्रत्येकाची सहा ते आठ पिल्ले एकदम घ्यावीत आणि मोठी झाल्यावर जादा नर दुकानदाराला किंवा ओळखीच्या हौशी मत्स्यपालकाला द्यावेत. अकेईच्या बाबतीतही हेच करावे.

एवढ्या टाकीत म्बुना वीसच्या आसपास ठेवतात, याचे नवख्यांना आश्चर्य वाटते. संख्या अगदीच कमी असली तर दबंग नराला छळण्यासाठी एक-दोनच मासे सापडतात. संख्या थोडी वाढली की त्याचा राग अनेकांत वाटला जातो आणि कोणा एकाचा जीव जात नाही. पण ही गर्दी परवडायची असेल तर फिल्टर दणकट हवा आणि दर आठवड्याला एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदलण्याची तयारी हवी. पाणी बदलण्याचा कंटाळा असणाऱ्याने गर्दीचा हा उपाय करू नये. त्याला एकाच जातीची टाकी अधिक शोभेल. सौलोसी या जातीत नर निळे आणि माद्या पिवळ्या असतात, त्यामुळे एकाच जातीत दोन रंगांची टाकी सजते आणि सोबत्यांचा प्रश्नच उरत नाही.

ऑराटस आणि केनयी या दोन जाती नवशिक्याने टाळाव्यात. ऑराटसची पिल्ले आणि माद्या पिवळ्या अंगावर काळ्या आडव्या पट्ट्यांच्या, फार देखण्या असतात, आणि दुकानांत हमखास असतात. त्यांचा नर मोठा झाला की जवळजवळ काळा पडतो आणि चार फुटी टाकी त्याला एकट्यालाच पुरत नाही. डेमासोनी ही जात आकाराने लहान असली तरी आपसांत फार भांडते. ती ठेवायची तर बारा-पंधराच्या गटात ठेवावी, दोन-चार आणून ठेवू नयेत.

आहाराकडेही सोबत्यांच्या दृष्टीने पाहावे लागते. शेवाळ खाणाऱ्या म्बुनांचे आतडे लांब असते. त्यांना सतत प्रथिनयुक्त मांसाहारी खाद्य, विशेषतः ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा प्राण्यांचे काळीज, मिळत राहिले तर ‘मलावी ब्लोट’ हा पोटाचा आजार होण्याची भीती असते. मासा खाणे सोडतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकतो, पोट फुगते आणि त्यानंतर तो क्वचितच वाचतो. म्हणून ज्या माशाला रोज मांसाहार लागतो तो म्बुनांचा सोबती होऊ शकत नाही, कारण टाकीत टाकलेले खाद्य कोणी खावे आणि कोणी खाऊ नये हे आपल्याला ठरवता येत नाही. स्पिरुलिना हे सूक्ष्म शेवाळ असलेले शाकाहारी खाद्य मुख्य ठेवावे आणि त्यावर तग धरणारेच सोबती निवडावेत.

पीकॉक आणि हॅप

खडकांऐवजी वाळूवर वावरणारा औलोनोकारा, म्हणजे पीकॉक, हा मलावीचा दुसरा लोकप्रिय मासा. तो वाळूच्या किंचित वर स्थिर तरंगतो, डोक्यावरच्या मोठ्या संवेदनशील छिद्रांनी वाळूत दडलेल्या किड्यांची हालचाल टिपतो आणि मग झटकन तोंड खुपसतो. स्वभावाने तो म्बुनांपेक्षा पुष्कळ शांत असतो आणि नेमकी येथेच निवड चुकते. निळ्या-लाल पीकॉकला म्बुनांच्या टाकीत सोडले तर तो खाद्याच्या शर्यतीत मागे पडतो, दबतो आणि आठवड्याभरात त्याचा रंग राखाडी होतो. विकत घेताना जो रंग पाहून पैसे मोजले, तोच रंग निघून जातो. पीकॉकसोबत म्बुना ठेवायचाच असेल तर येलो लॅब किंवा अकेई यांच्यापलीकडे जाऊ नये, आणि तेव्हाही टाकीचा निम्मा तळ मोकळ्या वाळूचा ठेवावा.

पीकॉकच्या निरनिराळ्या जातींच्या माद्या एकमेकींसारख्याच करड्या असतात आणि त्या जाती आपसांत सहज संकर करतात. दोन-तीन जातींचे नर-मादी एकत्र ठेवले की काही महिन्यांत टाकीत अशी पिल्ले फिरू लागतात ज्यांची जात कोणालाच सांगता येत नाही, आणि ती पुढे दुकानांत पोहोचतात. रंगच हवे असतील तर फक्त नरांची टाकी करावी. प्रत्येक जातीचा एकच नर, कोणाचाही रंग दुसऱ्यासारखा नाही आणि मादी एकही नाही. मादी नसल्याने झुंजीचे मोठे कारण नाहीसे होते. चार फुटी टाकीत असे आठ-दहा नर नांदू शकतात. एक मादी चुकून आली तरी सगळा समतोल बिघडतो, म्हणून लहान, रंग न आलेला मासा अशा टाकीत घेऊ नये.

हॅप या गटात मोकळ्या पाण्यात शिकार करणारे मासे येतात. इलेक्ट्रिक ब्ल्यू हा त्यांतला मध्यम आकाराचा आणि पीकॉकसोबत बसणारा, मात्र तोंडात मावतील अशी पिल्ले तो खातो. लिव्हिंग्स्टोनी हा वाळूवर आडवा पडून मेल्याचे सोंग घेतो आणि टोचायला जवळ आलेल्या लहान माशाला गिळतो. टाकीत हे पाहायला मिळणे विलक्षण असते, परंतु तो एक फुटाच्या जवळपास वाढतो आणि त्याला सहा फुटांची टाकी लागते. तीन इंचांच्या पिल्लाकडे पाहून चार फुटांच्या टाकीत त्याची जागा धरू नये.

टांगानिकाचे मासे

यांना शक्यतो त्यांच्याच सरोवराचे सोबती द्यावेत. मलावीचे मासे त्यांच्यावर आकाराने नव्हे तर धांदलीने मात करतात. टांगानिकाचे बरेच मासे खाद्याकडे विचार करत जातात, आणि तोपर्यंत म्बुनांनी सगळे संपवलेले असते. चांगली टांगानिका टाकी थरांवर उभी राहते. वाळूवर रिकामे शंख पसरून त्यांत राहणारे मल्टिफॅसिएटस, एका बाजूला रचलेल्या दगडांच्या कपारीत ज्युलिडोक्रोमिसची एक जोडी, आणि वरच्या पाण्यात सिप्रिक्रोमिसचा थवा. मल्टिफॅसिएटस जेमतेम दीड-दोन इंचांचा, जगातल्या सर्वांत लहान सिक्लिडांपैकी एक. तो आपल्या शंखाभोवतीची वाळू तोंडाने उचलून हव्या त्या जागी नेऊन टाकतो आणि त्याच्या हद्दीत हात घातला तर आपल्या बोटालाही चावायला धावतो. या तिघांना एकमेकांच्या जागेत रस नसल्यामुळे ते वर्षानुवर्षे टिकतात. सिप्रिक्रोमिस उड्या मारतात, म्हणून टाकीला झाकण हवेच.

ब्रिचार्डी फार सुंदर, आणि त्यांची मोठी पिल्ले धाकट्या भावंडांची राखण करतात हे पाहण्यासारखे असते, पण त्याच कारणाने एका जोडीची वसाहत होऊन ती पूर्ण टाकी व्यापते आणि इतरांना कोपऱ्यात ढकलते. त्यांना स्वतंत्र टाकी द्यावी. ट्रोफियस मोठ्या गटात, शाकाहारी खाद्यावर आणि स्वतंत्रच ठेवावेत. फ्रंटोसा धिम्या चालीचा, फूटभर वाढणारा मासा आहे. तो लहान माशांना रात्री गिळतो, त्यामुळे सिप्रिक्रोमिस आणि फ्रंटोसा ही जोडी पुस्तकात एकाच सरोवराची असली तरी टाकीत एकत्र नांदत नाही.

सिक्लिड नसलेले सोबती

यात सर्वांत भरवशाचे सिनोडोंटिस गटातले कॅटफिश. त्यांची कातडी जाड असते, पाठीवरचा काटा टोकदार असतो, दिवसा ते कपारीत राहतात आणि सिक्लिडांशी हद्दीवरून भांडत नाहीत. टांगानिकाचा ठिपकेदार मल्टिपंक्टेटस मलावीच्या टाकीतही छान रुळतो. त्याची प्रजननाची रीत माशांमध्ये अपवादात्मक आहे. सिक्लिडची मादी अंडी घालून ती उबवण्यासाठी तोंडात घेण्याच्या घाईत असताना सिनोडोंटिसची जोडी मध्ये घुसते, काही अंडी खाते आणि आपली अंडी तेथे टाकते. मादी तीही आपलीच समजून तोंडात घेते. सिनोडोंटिसची पिल्ले आधी बाहेर येतात आणि मादीच्या तोंडातच तिची अंडी-पिल्ले खाऊन वाढतात. कोकिळेने कावळ्याच्या घरट्यात अंडे घालावे तसाच हा प्रकार. ज्यांना सिक्लिडची पिल्ले वाढवायची आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवून निर्णय घ्यावा. हे मासे चार-पाचच्या गटात ठेवले तर अधिक मोकळे वागतात.

काचेवरचे शेवाळ खाण्यासाठी ब्रिसलनोज हा लहान प्लेको, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा मासा, चालतो, मात्र त्याला लपायला स्वतःची कपार आणि रात्री दिवे मालवल्यावर वेगळे खाद्य हवे. साधा ‘सकर’ घेऊ नये. तो दीड फुटापर्यंत वाढतो, टाकी घाण करतो, आणि नकोसा झाल्यावर लोक तो नदी-तलावात सोडतात, जेथे तो देशी माशांच्या मुळावर उठतो. टाकीतला कोणताही परका मासा नैसर्गिक पाण्यात सोडू नये, आफ्रिकन सिक्लिड तर मुळीच नाही.

पीकॉकच्या टाकीत वरच्या पाण्यात सतत फिरणारा थवा असला तर भित्रे मासे लवकर बाहेर येतात, कारण मोकळ्यावर फिरणारे मासे धोका नसल्याची खूण ठरतात. यासाठी अल्कधर्मी पाण्यात रमणारे निळे रेनबो योग्य आहेत. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत आढळणाऱ्या डेव्हारिओ गटातील जायंट डॅनियोही चपळाईमुळे टिकतात. ते सहा-आठांच्या गटात घ्यावेत.

गोल्डफिश, गप्पी, निऑन टेट्रा, एंजल, डिस्कस यांना या टाकीत जागा नाही. काहींना पाणी मानवत नाही, काहींचे लांब पर कुरतडले जातात, काही सरळ गिळले जातात. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्नही आणू नयेत. ते मोठे असल्याने टिकतील हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो, पण त्यांचा आहार आणि स्वभाव दोन्ही येथे बसत नाहीत.

टाकीत सोडण्याचा क्रम

सर्वांत सौम्य जात आधी आणि सर्वांत तापट जात शेवटी सोडावी. शक्य असल्यास सगळी पिल्ले एकाच आकाराची, एकाच वेळी आणावीत, म्हणजे कोणाचीच हद्द आधी ठरलेली नसते. जुन्या टाकीत नवा मासा आणताना आधी दगडांची मांडणी बदलावी, मग दिवे मालवून मासा सोडावा. हद्दीच्या खुणा पुसल्या गेल्याने जुन्या नरालाही नव्याने सुरुवात करावी लागते. दगड थेट काचेच्या तळावर ठेवून मग वाळू भरावी, कारण हे मासे वाळू उकरतात आणि वाळूवर ठेवलेला दगड कोसळून काच फुटू शकते. प्रत्येक कपारीला दोन वाटा असाव्यात. एकाच तोंडाची कपार म्हणजे पळणाऱ्या माशासाठी सापळा ठरतो.

पुढचे दोन-तीन आठवडे रोज खाद्य टाकताना मासे मोजावेत आणि कोण खायला आला नाही ते पाहावे. पाठलाग होणारच, तो दोन-चार सेकंदांत थांबत असेल तर काळजी नको. पण एखादा मासा पर मिटून सतत वरच्या कोपऱ्यात थांबत असेल, किंवा एकच नर पूर्ण टाकीभर एकाच्या मागे लागत असेल, तर मार खाणाऱ्याला नव्हे, मारणाऱ्याला जाळीने काढून आठवडाभर दुसऱ्या टाकीत ठेवावे. मार खाणाऱ्याला काढले तर दुसऱ्या दिवशी त्याची जागा दुसरा मासा घेतो. तोंड फुगवून न खाणारी मादी मात्र आजारी समजू नये. तिच्या तोंडात अंडी असतात, साधारण तीन आठवडे ती तशीच राहते आणि तेवढे दिवस तिला निवांत कोपरा मिळाला तर पुरे.